वणवा येण्याआधी: घर, शेजार आणि बाहेर पडायची वाट

रानाला लागून किंवा गवताळ माळाच्या कडेला राहायला गेलं की पहिल्याच कोरड्या हंगामात एक प्रश्न डोकं वर काढतो: वणवा इथवर आला तर? हा लेख त्या प्रश्नापाशी पहिल्यांदाच येऊन थांबलेल्यांसाठी आहे. आधी काय करायचं आणि नंतर काय, त्या क्रमाने लिहिलं आहे. सगळं एका दिवसात होणार नाही. पण पहिल्या दोन पायऱ्या एका सुट्टीत उरकतात आणि सगळ्यात मोठा फायदाही त्यांचाच असतो.

घर नेमकं कशाने पेटतं

वणवा म्हटलं की डोळ्यांपुढे ज्वाळांची भिंत येते. ती रानातून चालत येते आणि घर गिळून टाकते, असं आपल्याला वाटतं. तसं घडतंही, पण कमी वेळा. वणव्यात गेलेली बरीच घरं पेटतात ती वाऱ्याबरोबर उडत आलेल्या ठिणग्यांनी. ठिणगी म्हणजे नुसता लाल ठिपका समजू नका. जळती साल, काटक्यांचे तुकडे, शेंगा, पानं असं सगळं त्यात असतं. जोराचा वारा असेल तर हा जळता कचरा आगीच्या एक-दोन किलोमीटर पुढे सहज जाऊन पडतो. ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या सालीच्या जळत्या पट्ट्या ३० किलोमीटर पुढे पडून तिथे नवी आग लागल्याच्या नोंदी आहेत.

ही ठिणगी पडते कुठे? पन्हळीत साचलेल्या वाळक्या पानांत, कौलांच्या फटीत, दारातल्या पायपुसण्यावर, भिंतीला टेकवून रचलेल्या सरपणावर. तिथे ती धुमसत राहते. आगीची मुख्य धार निघून गेलेली असते, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडलेला असतो, आणि तासा-दोन तासांनी घर पेट घेतं. वणव्यानंतरच्या फोटोंत घराची राख झालेली आणि शेजारचं झाड मात्र हिरवंगार, असं जे दिसतं त्याचं कारण हेच.

अमेरिकेच्या वन सेवेतले संशोधक जॅक कोहेन यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज भागात शेंड्यापर्यंत पेटवलेल्या रानापुढे लाकडी भिंती उभ्या करून प्रयोग झाले. रानापासून १० मीटरवरच्या काही भिंतींनी पेट घेतला. २० आणि ३० मीटरवरच्या भिंती मात्र पेटल्या नाहीत. म्हणजे ज्वाळांची नुसती धग फार लांबवर घर पेटवू शकत नाही. घराचं काय होणार हे बहुतांशी ठरतं ते घर आणि त्याभोवतीची साधारण ३० मीटर जागा यांवर, आणि तेवढी जागा पुष्कळदा आपल्या हातातली असते.

नवीन माणूस मात्र बहुधा कुऱ्हाड घेऊन लांबच्या झाडांकडे निघतो आणि वळचणीतला पाचोळा तसाच राहतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होते. म्हणून काम भिंतीपासून सुरू करायचं आणि मग बाहेर बाहेर जायचं.

पहिली पायरी: छप्पर, वळचण, झरोके

शिडी लावा आणि छपरावर काय साचलंय ते बघा. वाळकी पानं, काटक्या, पक्ष्यांची घरटी, सगळं खाली काढा. पन्हळी हाताने साफ करा. हे वर्षातून एकदा करून भागत नाही. पानगळीच्या काळात आणि वणव्याच्या हंगामात पुन्हा पुन्हा करावं लागतं. माझ्या मते या अख्ख्या लेखातलं एकच काम करायचं ठरवलंत तर ते हेच करा.

मग फटी शोधा. कौल सरकलेलं, पत्र्याचं टोक उचललेलं, छप्पर आणि भिंत यांच्यामधली मोकळी जागा, या सगळ्या ठिणगीच्या वाटा आहेत. फटी बुजवा. माळ्याचे आणि जोत्याखालचे हवेचे झरोके बंद करू नका, त्यांची घराला गरज असते. त्यांवर धातूची बारीक जाळी बसवा. जाळीचं भोक ३ मिलिमीटरपेक्षा मोठं नको. प्लास्टिकची किंवा नायलॉनची जाळी उष्णतेने वितळते, त्यामुळे ती नसल्यातच जमा.

खिडक्यांचा विचार फार थोडे लोक करतात. धगीने काच तडकते, गळून पडते आणि मग ठिणग्यांना घरात सरळ वाट मिळते. दुहेरी काच जास्त वेळ टिकते. काच बदलणं परवडणार नसेल तर निदान खिडकीखालचं झुडूप काढा आणि आतला पातळ पडदा काचेपासून दूर सरकवता येईल असा लावा.

छप्परच गवताचं किंवा लाकडी फळ्यांचं असेल तर खरं उत्तर ते बदलणं हेच आहे. मला ठाऊक आहे की हा सल्ला खिशाला जड आहे. तरी पुढे कधी दुरुस्ती निघेल तेव्हा पहिला पैसा तिथे घाला.

दुसरी पायरी: भिंतीपासून दीड मीटर

घराभोवती भिंतीला लागून दीड मीटरचा पट्टा असा करा की त्यात जळण्यासारखं काहीच उरणार नाही. खडी, फरशी, काँक्रीट किंवा नुसती उघडी माती चालेल. पालापाचोळ्याचं आच्छादन, लाकडाचा भुसा, वाळलेलं गवत, पुठ्ठ्याची खोकी, प्लास्टिकच्या खुर्च्या, केरसुणी, दारातलं काथ्याचं पायपुसणं यांना या पट्ट्यात जागा नाही. सरपण घरापासून किमान ९ मीटरवर हलवा, आणि घर उतारावर असेल तर खालच्या बाजूला ठेवू नका.

लाकडी कुंपण थेट भिंतीला येऊन भिडत असेल तर ते वातीसारखं काम करतं: दूरच्या टोकाला लागलेली आग घरापर्यंत आणून सोडतं. शेवटचा दीड मीटर तुकडा काढून तिथे धातूचं फाटक किंवा दगडी बांध घाला. लाकडी ओटा किंवा जिना असेल तर वाकून त्याच्याखाली पाहा. वाऱ्याने ढकललेला पाचोळा नेमका तिथेच जमतो.

भिंतीवर चढलेली वेल डोळ्यांना छान दिसते, हे खरं. तिच्या आतल्या बाजूला वाळक्या पानांचा थर असतो, हेही खरं.

तिसरी पायरी: ३० मीटरपर्यंतची मोकळीक

इथे सगळं रान भुईसपाट करायचं नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की तो आधीच दूर केलेला बरा. उघडीबोडकी जमीन पावसात वाहून जाते आणि तिथे लवकर पेटणारं तण माजतं. दणकट, हिरवी, नीट राखलेली झाडं तर वारा अडवतात आणि काही ठिणग्याही अंगावर घेतात. आपल्याला आगीची शिडी मोडायची आहे. गवतावरून झुडपावर, झुडपावरून खालच्या फांदीवर आणि फांदीवरून शेंड्यावर अशी आग पायरी पायरीने चढते. मधली एक पायरी काढली की ती जमिनीवरच राहते, आणि जमिनीवरची आग विझवता येते.

दीड ते ९ मीटरच्या टप्प्यात गवत १० सेंटिमीटरच्या आत ठेवा, वाळलेलं सगळं उचला आणि झुडपांचे एकमेकांपासून सुटे पुंजके करा. मोठ्या झाडांच्या जमिनीपासून २ मीटरपर्यंतच्या फांद्या छाटा. खाली झुडूप असेल तर झुडपाच्या उंचीच्या तिप्पट अंतर फांदीपर्यंत राहू द्या. धुराड्यापासून फांद्या किमान ३ मीटर दूर हव्यात. गॅसच्या टाकीभोवतीची जागाही साफ ठेवा. ९ ते ३० मीटरमध्ये मेलेली झाडं आणि पडलेल्या फांद्या हटवा, दाटी विरळ करा. तिथे एवढं पुरतं.

घर उतारावर असेल तर मात्र हे आकडे अपुरे आहेत. आग चढावर धावते, कारण ज्वाळा वर झुकून पुढचं गवत आधीच तापवून वाळवून ठेवतात. साधारण ठोकताळा असा की चढ दर १० अंशांनी वाढला की आगीचा वेग दुप्पट होतो. २० अंशांच्या चढावर म्हणजे सपाटीच्या चौपट. त्यामुळे उताराच्या बाजूला मोकळा पट्टा ३० मीटरवर थांबवू नका, जमेल तितका खाली न्या. दोन डोंगरांच्या घळीच्या तोंडाशी घर असेल तर ती घळ धुराड्यासारखी आग वर ओढते, हेही ध्यानात असू द्या.

एक सावधगिरी या साफसफाईच्याच बाबतीतली. बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात आणि त्यात साफसफाई करताना लागलेलेही असतात. गवत कापायच्या यंत्राचं पातं दगडावर आपटलं की ठिणगी उडते. म्हणून ही कामं सकाळी लवकर, हवेत दमटपणा असताना उरकावी. भर दुपारी, वाऱ्यात, वाळक्या गवतात यंत्र चालवू नये. तापलेली गाडी वाळक्या गवतात उभी करू नये. गोळा केलेला पाचोळा तिथेच पेटवून देण्याचा मोह तर टाळाच. खत करा किंवा वाहून न्या. काही ठिकाणी जाणकार लोक थंड हंगामात मुद्दाम हलकी आग लावून जळण कमी करतात, जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून आधीच मोकळा केलेला पट्टा) आखतात. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं हे ज्ञान हजारो वर्षांचं आहे. पण ते काम हवामान पाहून, परवानगी घेऊन, माणसं आणि पाणी हाताशी ठेवून करायचं असतं. नवख्याने एकट्याने करायचं ते काम नव्हे.

चौथी पायरी: शेजार

इथवरचं सगळं तुम्ही चोख केलंत आणि दहा मीटरवरच्या शेजाऱ्याने काहीच केलं नाही, तर? त्याचं घर पेटलं की तेच तुमच्या घरासाठी सगळ्यात मोठं जळण. झाड काही मिनिटांत जळून जातं, घर मात्र तासन्तास धगधगतं. अमेरिकेतल्या कोलोराडोमध्ये ३० डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे ऐन हिवाळ्यात, मार्शल नावाने ओळखली जाणारी आग सोसाट्याच्या वाऱ्यात वाळक्या गवतातून वस्त्यांत घुसली आणि एक हजाराहून अधिक घरं गेली. आसपास दाट जंगल नव्हतं. घरं जवळजवळ होती आणि आग घरावरून घरावर उडी मारत गेली. वणव्याची तयारी ही एकट्या घराची गोष्ट राहत नाही ती यामुळे.

सुरुवात मोठ्या सभेने करू नका. आजूबाजूच्या पाच-सात घरांत जा, दारात उभं राहून बोला. “तुमचं घर धोक्यात आहे” म्हटलं की माणूस दुखावतो आणि दार लावून घेतो. “माझ्या छपरावर किती पाचोळा निघाला, येऊन बघा” म्हटलं की येतो. मग एक दिवस ठरवून सगळ्यांनी मिळून एकमेकांच्या पन्हळी साफ करायच्या. ज्यांना शिडी चढवत नाही त्यांच्या घरापासून सुरुवात करायची. एका सकाळच्या अशा कामातून जे साधतं ते दहा पत्रकं वाटून साधत नाही. अमेरिकेत राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेचा ‘फायरवाइज’ हा कार्यक्रम २००२ पासून नेमका याच पायावर उभा आहे: वस्तीने स्वतःची पाहणी करायची, आराखडा बनवायचा आणि दरवर्षी थोडंथोडं काम करायचं.

ओळखी झाल्या की एक वही करा. कोणत्या घरात कोण राहतं, कोणाला चालता येत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोणाकडे गाडी नाही, कोणाचा ऑक्सिजन विजेवर चालतो, कोणत्या घरी दिवसा फक्त मुलं असतात. अशा प्रत्येक घरासाठी दोन माणसं नेमा. एकच नेमलं आणि ते नेमकं त्या दिवशी बाहेर असलं तर सगळं फसतं. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव जळालं तेव्हा ८५ माणसं गेली आणि त्यांतले बहुतेक वयस्क होते. त्या वहीतली ही पानं सगळ्यात मोलाची का, ते या एका वाक्यावरून कळावं.

निरोप कसा पोचणार हेही आधीच ठरवा, आणि एकाच साधनावर विसंबू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये हवाई बेटांवरच्या लाहायना शहरात आग शिरली तेव्हा वीज गेलेली होती, मोबाइल बंद पडले होते आणि धोक्याचे भोंगे वाजले नाहीत. शंभरच्या वर माणसं गेली. फोन चालला तर फोन, नाही तर घंटा, कर्णा, गाडीचा भोंगा, दारावर थाप. प्रत्येक घराने पुढच्या दोन घरांना उठवायचं, असा साधा साखळीचा नियम वीज नसतानाही चालतो.

पोर्तुगालकडून शिकण्यासारखं आहे. जून २०१७ मध्ये पेद्रोगाव ग्रांदेच्या वणव्यात ६६ माणसं मेली आणि त्यांतली बरीचशी गाडीने पळून जाताना रस्त्यावरच सापडली. त्यानंतर तिथे ‘सुरक्षित गाव, सुरक्षित माणसं’ अशा अर्थाच्या नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गावातलीच एक व्यक्ती सुरक्षेची जबाबदारी घेते, आसऱ्याची जागा आधीच ठरवलेली असते, वाटांवर खुणा असतात आणि गाव प्रत्यक्ष सराव करतं. यातला सराव हा भाग सगळ्यात कंटाळवाणा, आणि तोच लोक गाळतात. वर्षातून एकदा तरी करा. एकदा दिवसा, एकदा अंधारात.

जाता जाता: घराचा क्रमांक रस्त्यावरून दिसेल असा मोठा लावा, आणि पाण्याची टाकी किंवा विहीर कुठे आहे याची खूण करून ठेवा. बाहेरून आलेल्या अग्निशमन पथकाला तुमचं गाव ठाऊक नसतं. बंब आत येऊ शकेल का आणि वळू शकेल का, हेही पाहा. रस्त्यावर झुकलेल्या फांद्या ही सगळ्या वस्तीची जबाबदारी.

पाचवी पायरी: निघायचं कधी

घर कितीही तयार असलं तरी माणसाने वेळेवर निघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ च्या शनिवारी १७३ माणसं मेली. तोवर तिथे लोकांना सांगितलं जाई की एक तर लवकर निघा, नाही तर थांबून घर राखा. त्या दिवशी घर राखायला थांबलेले कित्येक जण घरातच किंवा घराच्या जवळ गेले. नंतरच्या चौकशीतून धोरण बदललं आणि भर लवकर निघण्यावर आला. आता तिथे आगीच्या धोक्याची प्रतवारी चार पातळ्यांची आहे, आणि सगळ्यात वरच्या पातळीच्या दिवशी सल्ला एकच असतो: आग लागण्याची वाट पाहू नका, सकाळीच निघा.

तुमच्या भागात अशी प्रतवारी असेल तर ती रोज पाहायची सवय लावा. नसेल तर स्पेन-फ्रान्सकडे वापरात असलेला तीन तिसांचा ठोकताळा उपयोगी पडतो: तापमान ३० अंशांच्या वर, हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली आणि वारा ताशी ३० किलोमीटरच्या वर. हे तिन्ही एकत्र आले की आग आवरणं अवघड होतं. अशा दिवशी गाडी तोंड बाहेर करून लावा, टाकी भरलेली ठेवा आणि फोन चार्ज करा.

घरात बसून आताच ठरवा: काय दिसलं की निघायचं. “परिस्थिती पाहून ठरवू” हा आराखडा नव्हे. धूर घराच्या बाजूला वळला, अमुक टेकडीच्या अलीकडे आग आली, प्रशासनाची पहिली सूचना आली, अशी एक ठळक खूण निवडा आणि ती लिहून फ्रिजवर चिकटवा. घरात लहान मुलं, गरोदर बाई, आजारी किंवा म्हातारं माणूस असेल, गुरं असतील, तर बाकीच्यांच्या आधी निघायचं. सक्तीच्या आदेशाची वाट बघत बसू नका. आदेश येतो तेव्हा सगळं गाव एकदम रस्त्यावर येतं. पॅराडाइजमध्ये तसंच झालं: मोजकेच रस्ते, ते तुंबले आणि दिवसा अंधार झाला. उलट मे २०१६ मध्ये कॅनडातल्या फोर्ट मॅकमरीतून ८० हजारांहून जास्त लोक बाहेर पडले आणि आगीच्या ज्वाळांत एकाचाही जीव गेला नाही. दोघे गेले ते बाहेर पडताना झालेल्या रस्ता-अपघातात.

वाटा किमान दोन हव्यात, आणि दोन्ही स्वतः गाडीने जाऊन पाहिलेल्या. नकाशावर दिसणारी वाट जागेवर फाटकाने बंद असते किंवा कुंपणापाशी संपते. ग्रीसमधल्या माती या किनाऱ्यावरच्या वस्तीत जुलै २०१८ मध्ये शंभराहून अधिक लोक मेले. समुद्र अगदी जवळ होता. पण गल्ल्या अरुंद, काही पुढे बंद, आणि धुरात कड्यापाशी येऊन थांबलेल्या लोकांना खाली उतरायची वाट सापडली नाही. तुमच्या वस्तीत अशी बंद गल्ली असेल तर तिच्या टोकाला एक फाटक पाडून घेणं, हे सगळ्या वस्तीने मिळून लावून धरण्यासारखं काम आहे.

निघताना काय करायचं तेही लिहून ठेवा, कारण त्या क्षणी आठवत नाही. खिडक्या-दारं बंद, गॅस बंद, पायपुसणी आणि हलकं सामान आत, घरातले आणि बाहेरचे दिवे चालू, म्हणजे धुरात घर दिसतं. नळ किंवा फवारे चालू सोडून जाऊ नका; सगळ्यांनी तसं केलं की पाण्याचा दाब पडतो आणि बंबाला पाणी मिळत नाही. जनावरं सोबत नेता येत नसतील तर दावी सोडा आणि त्यांना गवत नसलेल्या मोकळ्या जागेत हाकला. नायलॉनचं दावं वितळून कातडीला चिकटतं, ते आधीच काढून टाका.

पिशवी, कपडे, धूर

दारापाशी प्रत्येकाची एक पिशवी भरलेली असावी. तीन दिवस पुरतील एवढी औषधं आणि त्यांच्या चिठ्ठ्या, चष्म्याची जादा जोडी, कागदपत्रांच्या प्रती, विजेरी, बॅटरीवरचा रेडिओ, थोडी रोकड, चार्जर, पाणी, लहान मुलांचं सामान. पाण्याचा हिशोब माणशी दिवसाला सुमारे ४ लिटर. फोटोंचे अल्बम आणि मोलाच्या वस्तू कुठे आहेत याची वेगळी यादी करा, वेळ मिळाला तर त्या क्रमाने उचलायच्या. आजच घराच्या प्रत्येक खोलीचं मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवा. विम्याच्या वेळी त्याचं मोल कळतं.

अंगावर पूर्ण बाह्यांचे सुती किंवा लोकरीचे कपडे आणि बंद बूट. पॉलिएस्टरसारखं कृत्रिम कापड धगीने वितळतं. चटका बसल्यावर ते कातडीपासून सुटत नाही.

धुराचा त्रास आगीच्या कितीतरी पलीकडे पोचतो. त्यातले अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात. ओल्या रुमालाने ते अडत नाहीत, साध्या कापडी मास्कनेही नाही. नाकाशी घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो. घरातली एक खोली निवडा, तिच्या फटी बंद करा, हवा गाळणारं यंत्र असेल तर तिथे चालवा आणि दमेकऱ्यांना, मुलांना, म्हाताऱ्यांना तिथे ठेवा. त्या खोलीत धूप, उदबत्ती, फोडण्या, मेणबत्त्या काही नको.

अडकलातच तर

इतकं करूनही वाट बंद होऊ शकते. घरात अडकलात तर सगळे एकत्र राहा, बादल्या-टाक्या भरा, आगीकडच्या खोल्या सोडून लांबच्या बाजूला या, आणि बाहेर जायचं दार जवळ असेल अशी खोली निवडा. बाथरूममध्ये लपू नका. तिथे पाणी असतं म्हणून माणसं जातात, पण बहुधा एकच दार असतं आणि बाहेर काय चाललंय ते दिसत नाही. आगीची मुख्य धार बहुतेकदा काही मिनिटांत पुढे सरकते. घर पेटलंच तर धार गेल्यावर जळून गेलेल्या जमिनीवर बाहेर पडा.

गाडीत अडकलात तर झाडाझुडपांपासून दूर, उघड्या जमिनीवर गाडी उभी करा. दिवे चालू, काचा आणि हवेचे झोत बंद, सगळ्यांनी खिडकीच्या पातळीखाली वाकून लोकरी घोंगडीखाली राहायचं. पॅराडाइजमध्ये काही लोक वाचले ते डांबरी वाहनतळाच्या मोकळ्या मैदानावर थांबून.

डोंगरावर चालताना वणवा दिसला तर चढावर पळू नका. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात गिर्यारोहकांचा गट गवताच्या उतारावर वणव्यात सापडला आणि वीसहून अधिक जण दगावले. आगीला बगल देऊन खाली उतरा आणि उघडा कातळ, नांगरलेलं शेत, पाणवठा किंवा आधीच जळालेली जागा गाठा. काहीच नसेल तर खळग्यात पालथे पडा, तोंड जमिनीशी, अंगावर माती किंवा लोकरी कापड. आणि मुळात वाळक्या गवताच्या दिवसांत जायचं असेल तर वन खात्याला विचारून जा.

परतल्यावर

परवानगी मिळाल्याशिवाय परतू नका. घर उभं दिसलं तरी माळा, वळचण, ओट्याखालची जागा तपासा आणि पुढचे काही तास पुन्हा पुन्हा तपासत राहा. रात्री दिवे मालवून पाहा, अंधारात धुमसता निखारा लगेच डोळ्यांत भरतो. जळालेल्या झाडाखालून चालू नका, फांदी आवाज न करता पडते. जमिनीखाली मुळं जळून पोकळ झालेली असतात; वर राख दिसते आणि पाय आत गेला की खाली निखारे असतात. मुलांना आणि कुत्र्यांना तिथे सोडू नका. राख झाडण्याआधी ओली करा, मास्क आणि हातमोजे घाला. टाकीतल्या पाण्यात राख गेली असेल तर ते पिऊ नका.

घराच्या वर जळालेला उतार असेल तर पुढच्या पावसाकडे लक्ष ठेवा. मुळं गेलेली, वरून भाजून कडक झालेली माती पाणी शोषत नाही. डिसेंबर २०१७ च्या वणव्यानंतर अवघ्या काही आठवड्यांनी, ९ जानेवारी २०१८ च्या पहाटे, कॅलिफोर्नियातल्या माँटेसिटोवर जळालेल्या डोंगरावरून चिखल आणि दगडांचा लोंढा आला आणि २३ माणसं गेली. पहिल्या मोठ्या पावसाचा इशारा आला की उतारावरच्या आणि ओढ्याकाठच्या घरांनी तीच पिशवी पुन्हा दारापाशी आणून ठेवावी आणि रात्र वरच्या, सुरक्षित जागी काढावी.